साठ मैलांची गादी

जुनी सायकल आहे मी, मित्रांनो, आणि सायकलीच्या जातीला शोभणार नाही इतकी मिरवणारी होते. आता गंज चढला, घंटी वाजत नाही, मडगार्डवर कोंबड्या बसतात. तरी कुणी माझ्या मागच्या गादीकडे बघून "काय सुंदर काम केलंय" म्हटलं, की पूर्वी माझी मान ताठ व्हायची. आता कुणी तसं म्हणू नये असं वाटतं. का, ते सांगते.

भंडाऱ्याच्या एका दुकानात मी कोपऱ्यात उभी होते. पुढच्या रांगेत नव्या कोऱ्या सायकली चमकत होत्या आणि गिऱ्हाईक आधी त्यांच्याकडेच जायचं. दिवाळीनंतर एक तरुण गुरुजी आले. इश्वर त्यांचं नाव, राहणार आसगावचे, कोंढ्याच्या शाळेत शिकवायला. नवी घेण्याची ऐपत नव्हती, पण नजर मोठी चिकित्सक. दुकानदारानं दाखवलेल्या उंच सायकली त्यांनी बाजूला सारल्या आणि माझ्याजवळ येऊन बसले. माझं चाक उचलून फिरवलं, दांडा ठोकून पाहिला, कॅरिअर जमिनीपासून किती उंच आहे ते स्वतःच्या गुडघ्याला लावून मोजलं. दुकानदार म्हणाला, ही बुटकी आहे, तुम्ही उंच माणूस, पाय दुखतील. गुरुजी म्हणाले, दुखू दे. बसणारं माणूस बुटकं आहे.

ते बसणारं माणूस म्हणजे त्यांची माय, चंद्रभागाबाई. छप्पन साली दसऱ्याला बाबासाहेबांनी नागपुरात दीक्षा दिली, तेव्हा आसगावातून बरीच माणसं पायी निघाली. तिचा नवरा धनीराम निघाला. तिचंही गाठोडं बांधून झालं होतं. पण लहान इश्वरला तापानं घेरलं आणि ती उंबऱ्यातूनच परत फिरली. पुढं गावातच तिनं दीक्षा घेतली. धनीराम मात्र मरेपर्यंत त्या मैदानाचं सांगायचा, आणि ती दर वेळी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं ऐकायची. एकदा तिथल्या मातीवर उभं राहायचं, एवढंच तिचं मागणं होतं. अडचण अशी की तिला गाडी लागायची. बस असो का आगगाडी, दोन मैलांत ओकून ओकून बेजार. दोनदा पवनीहून परत आणली होती. उघड्या वाऱ्यावर मात्र तिला काही व्हायचं नाही. म्हणून मी.

आपल्या तापापायी मायचं जाणं राहिलं, हे गुरुजींच्या मनात लहानपणापासून रुतून बसलं होतं. म्हणून न्यायचं तर असं न्यायचं, की तिच्या अंगाला वाटेत एक धक्का लागता कामा नये. इथंच सगळं चुकलं, मित्रांनो, पण तेव्हा मला ते कुठलं कळतंय!

पहिला दसरा आला. मायनं पांढरं लुगडं धुऊन नीळ देऊन वाळत घातलं आणि शिदोरीचं पीठ मळायला घेतलं. गुरुजींनी माझ्या कॅरिअरच्या लोखंडी पट्ट्यांवरून हात फिरवला आणि म्हणाले, साठ मैल या लोखंडावर? नाही. माय म्हणाली, वाकळ टाक दुहेरी, मी बसतो. ते म्हणाले, पुढच्या वर्षी चांगली गादी करू. मळलेल्या पिठाच्या पोळ्या घरीच खाल्ल्या.

मग गादी झाली. सावरीच्या झाडाखालची बोंडं वेचून कापूस काढला, सागाची फळी कापली, गुरुजींच्या बायकोनं, ललिताबाईनं, जाड खादीची खोळ शिवली. मी तर हरखूनच गेले. पण दुसऱ्या दसऱ्याच्या आठवडाभर आधी गुरुजींच्या लक्षात आलं की बाईमाणूस एका बाजूला पाय सोडून बसणार, पाय लोंबकळून मुंग्या येतील. राहिलं. पवनीचा ताराचंद मिस्त्री सायकली दुरुस्त करायचा. त्याच्याकडून डाव्या बाजूला दोन्ही पावलं मावतील असं पायदान जोडून घेतलं. त्या भारानं मी डावीकडे कलायला लागले, म्हणून मागच्या चाकाच्या तारा बदलून जाड घातल्या. चढावर गुरुजींना दम लागून हिसके बसू नयेत म्हणून मोठं फ्रीव्हील लावलं, टायर रुंद घेतले, हँडल वर घेतलं. ताराचंद हसायचा. म्हणायचा, गुरुजी, सायकल बनवून राहिले का पालखी? गुरुजींना ते हसणं आवडायचं. मलाही.

आणि परीक्षा कशी घ्यायचे ठाऊक आहे? मायच्या वजनाचं धानाचं पोतं गादीवर बांधायचं, त्यावर पाण्यानं काठोकाठ भरलेला गडवा ठेवायचा आणि आसगावहून कोंढ्याला जायचं. पोचल्यावर गडव्यात किती पाणी उरलं ते बघायचं. सांडलं की पुन्हा ताराचंद. एकदा पायदानाचा जोडच तुटला. पोतं नालीत पडलं आणि धान चिखलात. गुरुजी नालीत उतरून ते पोतं उचलायला लागले. पोत्याच्या जागी माय असती तर! त्या भीतीनं आणखी एक दसरा गेला. पुढच्या वर्षी पाठ टेकायला लाकडी टेकण झालं. त्याच्या पुढच्या वर्षी गादीखाली स्प्रिंगा आल्या. दर वर्षी मायचं लुगडं तारेवर वाळायचं आणि घडी होऊन पेटीत जायचं.

एक गोष्ट मात्र कुणीच केली नाही. मायला माझ्यावर कधी बसवलं नाही. गुरुजी म्हणायचे, ती पहिल्यांदा बसेल ती थेट नागपूरला जायलाच. कोंढ्याच्या बाजाराला जाताना ती पायी, आणि मी तिच्या शेजारून पोतं घेऊन. लोक माझी गादी दाबून बघायचे आणि मी फुगायचे. त्या पायी चालणाऱ्या बाईकडे मीही पाहिलं नाही, हे कबूल करते.

ऐंशी साली पावसाळा सरता सरता कोंढ्याला पोचलो तेव्हा गडव्यातलं पाणी जसंच्या तसं होतं. गुरुजींनी ते रस्त्यावरच पिऊन टाकलं आणि इतके हसले की बाजारातली माणसं वळून बघायला लागली.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी भल्या सकाळी आम्ही निघालो. वाटेत उमरेडला मुक्काम ठरला होता. गल्ली जमली होती. मायला दोघांनी धरून बसवलं आणि बसवता क्षणी मला कळलं. मित्रांनो, ते पोत्याचं वजन नव्हतं. पोतं भरलं तेव्हाची माय वेगळी होती. पाच वर्षं धानाच्या रोवणीत वाकून, दोन वर्षं दम्यानं खोकून ती अर्धी झाली होती. पाच वर्षांपूर्वीच्या अंगाला मापून केलेली गादी तिला ऐसपैस झाली. ती घसरायला लागली. हाताला पकड नव्हती, टेकणाला टेकावं तर श्वास अडकायचा. गुरुजींनी दुपट्ट्यानं तिला टेकणाला बांधलं आणि मला हातानं ढकलत चालायला लागले. असे आम्ही पवनीच्या वाटेनं निघालो. मी रडू शकत नाही. नाहीतर रस्ताभर रडले असते.

पवनीच्या अलीकडे एका कडुलिंबाखाली तिनं थांबवलं. गुरुजींनी सोडवून सावलीत बसवलं. मग तिनं त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. रागाचा लवलेश नव्हता तिच्या आवाजात.

"मी तं पहिल्याच साली तयार होती रे बापू. वाकळ टाकून बसली असती."

गुरुजींनी मान खाली घातली. ती म्हणाली, आता घरी चाल. ते म्हणाले, माय, हळूहळू जाऊ, चार दिवस लागू दे. ती म्हणाली, नाही होत आता. माझ्या गादीबद्दल तिनं एक शब्द काढला नाही. परत येताना ती बैलबंडीत निजून आली आणि मी मागं रिकामी.

त्या हिवाळ्यात ती गेली.

गुरुजी शाळेत पायी जायला लागले. मी ओसरीत भिंतीला टेकून वर्षभर तशीच उभी. पुढचा दसरा आला तेव्हा शेजारची पार्वताबाई दारात येऊन उभी राहिली. मायच्याच वयाची, विधवा, मुलंबाळं नाहीत. तिनं आजवर कधी कुणाकडे काही मागितलं नव्हतं. हातात गाठोडं होतं.

"इश्वर, तुही सायकल खाली हाय का?"

गुरुजी उठले, माझ्या चाकात हवा भरली. धूळही पुसली नाही. "बसा, मावशी," म्हणाले.

दोन दिवसांत आम्ही साठ मैल गेलो. भिवापूरचे खड्डे आले, उमरेडचा चढ आला, गुरुजी नुसतं पायडल मारत राहिले. मागं पार्वताबाई मात्र लहान पोरीसारखी रानं बघत, नदीनाले विचारत होती. नागपुरात माणसांचा समुद्र. गुरुजी म्हणाले, मावशी, तुम्ही गावच्या बायांसोबत जाऊन या, मी सायकल सांभाळतो. ते आत गेलेच नाहीत. माझ्या दांड्यावर हात ठेवून रस्त्याच्या कडेला उभे राहिले. सायकल सांभाळायला माणूस लागत नाही हो, कुलूप असतं मला.

संध्याकाळी पार्वताबाई परत आली. डोळे रडून लाल झालेले, पायांना माती. गादीवर थाप मारून म्हणाली, "काय सुखाची केली गा ही गादी! साठ मैलांत एक धक्का नाही लागला मले."

ही शाबासकी ऐकायला मी सहा वर्षं सजले होते. मिळाली, मित्रांनो. गुरुजींनी "हो मावशी" म्हटलं, आणि माझ्या गादीवर तोंड ठेवून भर गर्दीत ढसाढसा रडले. पार्वताबाईनं त्यांना रडू दिलं.

आता गुरुजी निवृत्तीला आले, मी कोंबड्यांच्या मालकीची झाले. मला पुसा, तेल घाला, असं तुम्हाला सांगावं ही आमच्या जातीची रीत आहे. मी तसं सांगणार नाही. माझ्या अंगावरून खूप हात फिरले, हवे त्याहून जास्तच. तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस बऱ्याच दिवसांपासून "मले तिकडं ने" म्हणत असेल, तर सायकलीपाशी नका येऊ. आधी त्या माणसाजवळ जाऊन बसा आणि विचारा, कधी निघायचं. ते म्हणेल, आत्ता.

तेव्हा निघा.