वाघरीत आलेले शब्द

पौडच्या शाळेत आठवीला इंग्रजी सुरू व्हायचं. ज्यांच्या घरात इंग्रजी अक्षर कधी आलंच नव्हतं, अशा मुलांना लीलाबाई शाळेआधी अर्धा तास वेगळं शिकवायच्या. त्यांत भागू एकटी धनगराची. दिवाळीनंतर चाळीस शब्दांची परीक्षा होती. तीस आले तरच इंग्रजीच्या वर्गात राहता येणार होतं.

तिच्या बापाने, सावळाने, त्याला आपली अट जोडली. "आमी मेंढरं घिऊन कोकणात उतरनार. पास झालीस तर मावशीकडं ऱ्हा. न्हाई तर तुजा चुलता गेणबा मागनं येतोय, त्याच्यासंगं ये."

भागूला राहायचं होतं. बाईंनी एकदा भिंगाखाली लोकरीचा तंतू दाखवला होता, तो तिला पुन्हा पाहायचा होता. पण सकाळी दहा शब्द पाठ केले की दुपारपर्यंत तीनच उरत.

"पाठ कशाला करतेस? ओळख करून घे," लीलाबाई म्हणाल्या. "तुझे वडील रोज मेंढरं मोजतात का?"

"न्हाई बाई. मोजली की कमी व्हत्यात."

"मग एखादं मागे राहिलं ते कसं कळतं त्यांना?"

हे भागूला कुणी विचारलं नव्हतं. मेंढरं कोंडायची जाळी, म्हणजे वाघर; तिच्या तोंडाशी सावळा उभा राहायचा. एकेक मेंढी गुडघ्याला घासून आत जायची, आणि शेवटी तो नुसता म्हणायचा, "बांडी मेंढी आली न्हाई."

त्या संध्याकाळी त्या जागी भागू उभी राहिली. काळ्या कानाची आली, ती झाली वॉटर. लंगडी रिव्हर. अंगाला कुसळं चिकटलेली ग्रास. कपाळावर पांढरा डाग असलेली मून.

"माज्या मेंढरास्नी इलायतेला धाडतीस व्हय?" सावळा हसला. पण आठवड्याने तोच विचारू लागला, "तुजी रिव्हर कुटं ऱ्हायली गं?"

दिवाळी झाली, कळप ताम्हिणी घाटाकडे निघून गेला, आणि त्याच्या मागोमाग शब्दही गेले. परीक्षेच्या सकाळी भागूच्या डोक्यात रिकामं माळरान होतं.

"पाणी," लीलाबाईंनी पहिला शब्द सांगितला.

खिडकीबाहेर मुळा नदीवर धुकं होतं. भागूने डोळे मिटले, हात गुडघ्यावर ठेवला. बाईंचा आवाज डोंगरापलीकडून आल्यासारखा मऊ झाला. लोकरीचा ओलसर वास आला आणि धुक्यातून एक काळा कान पुढे झाला. तिने लिहिलं. मग लंगडी आली, मग कुसळांची. बाई उलटसुलट विचारत होत्या, पण कळप तरी कुठे ओळीने येतो?

एकोणचाळीस बरोबर आले. एक जागा कोरी होती.

"राहिलीस बरं का तू वर्गात," लीलाबाई म्हणाल्या. "पण चंद्र का सोडलास?"

"सोडला न्हाई, बाई. ती यायची हाय अजून."

दिवस मावळताना भागू माळावर गेली. वाघर लावायची तिथलं गवत अजून दबलेलं होतं. ती तोंडाशी उभी राहिली. वॉटर आली, रिव्हर आली. मग बराच वेळ कुणी आलं नाही. मावशीने दोनदा हाक मारली. भागू हलली नाही. सगळी आत आल्याखेरीज वाघरीचं तोंड बंद करत नसतात.

मग गुडघ्याला काहीतरी उबदार घासून गेलं.

"मून," भागू म्हणाली, आणि नसलेली जाळी ओढून घेऊन घराकडे वळली.