दगडाची पाठवणी

सौदामिनीने काथ्याचा बोळा राखेत बुडवला आणि दगडाच्या कडेवरची अक्षरं घासायला घेतली. खाचांमध्ये शेवाळ होतं, वाळलेलं डाळीचं पीठ होतं, आणि एका ठिकाणी तर चक्क मोहरीचा दाणा अडकून बसला होता. तिने तो नखाने काढला. हैदराबादचा साहेब दुपारी बघायला येणार, तेव्हा दगड लख्ख दिसायला हवा होता. मागच्या दाराशी दगडोबा गाडीवान बैल सोडून, दोरखंड उशाला घेऊन झोपलासुद्धा होता. संध्याकाळी दगड त्याच्या गाडीतून नांदेडला जायचा होता आणि तिथून आगगाडीने हैदराबादला.

दगड आडाजवळ होता, चार बायका ऐसपैस बसतील एवढा लांब. कंधारात असा दगड घरी असण्यात कौतुकाचं काही नव्हतं. गुणाबाईची म्हैस बिनमुंडक्याच्या यक्षाला बांधलेली असायची. सिद्धलिंगाच्या तेलघाण्याच्या छपराला नक्षीच्या खांबाचा टेकू होता. किल्ला, तळं, दर्गा, पडकी देवळं, सगळं लोकांच्या पायाखालचं. जुन्या वस्तूवर बसता येतं, तिला म्हैस बांधता येते, एवढ्यावर गाव खूश होतं.

एकटे सौदामिनीचे यजमान, रेणुकादास मास्तर, काय ते खूश नव्हते. निजामाच्या राज्यात मराठी पोरांना उर्दूतून गणित शिकवता शिकवता हा माणूस दगडांच्या नादी लागला होता. आपल्या परसातला दगड हजार वर्षांचा आहे, त्यावरचा लेख जुन्या कानडीत आहे, असं त्यांनी हैदराबादच्या जुन्या वस्तूंच्या खात्याला नऊ वर्षं कळवलं होतं, सुवाच्य उर्दूत, दरवर्षी एक अर्ज. नवव्या अर्जाला साहेब स्वतःच आला. दगड हैदराबादला गेला की अहवालात छापून येणार होतं, शोधणारे रेणुकादास, मुदर्रिस म्हणजे मास्तर, कंधार. आठ दिवस मास्तरांच्या तोंडात दुसरा विषय नव्हता. सकाळपासून ते साहेबाला किल्ला दाखवत हिंडत होते.

आणि सौदामिनीला दगड द्यायचा नव्हता. हे ती नवऱ्याला बोलली नव्हती. सोळाव्या वर्षी हैदराबादहून ह्या गावात आली तेव्हा पहिला महिनाभर ती आडाशी उभी राहून रडायची. मग एका दुपारी शेजारची नागाबाई कुंपणातून आत आली, तिचा दंड धरून तिला दगडावर बसवलं आणि कमरेवरचं सूप तिच्या मांडीवर ठेवून म्हणाली, "निवडून दे." त्या दुपारपासून गल्लीतल्या बायका रोज इथं जमत. बावीस वर्षं झाली. ह्या गावात तिचं म्हणून जे काही होतं ते ह्या दगडावर बसून झालेलं होतं. पण नवरा नऊ वर्षं ज्याची वाट बघतोय, त्यात आपण आडवं यायचं कसं? म्हणून ती घासत होती.

"मास्तरीणबाई, नवरी नटवून राहिल्या का?" कुंपणातून नागाबाईचा आवाज आला. मागे गुणाबाई होती, आणि सिद्धलिंगाची बायको बसम्मा, हातात तेलाची वाटी घेऊन.

"नटवते आहे. संध्याकाळी जायची आहे ना," सौदामिनी म्हणाली.

"मंग अशी कोरडी कशी धाडायची?" नागाबाईने कमरेवर हात ठेवले. "बावीस वरसं अंगाखांद्यावर खेळवलं हिनं आपल्याला. तेलहळद न्हाई, ओटी न्हाई. लोक काय म्हणतील?"

सगळ्या हसल्या. थट्टाच होती. पण बसम्माने खरंच वाटी पालथी केली आणि गुणाबाई खरंच घरी जाऊन हळद घेऊन आली. चौघींनी मिळून दगडाला तेलहळद चोळली, नुकत्याच घासलेल्या अक्षरांत बोटं घालघालून. गुणाबाईने कुंकवाचा मळवट भरला. नागाबाईने पदरातून तांदूळ, सुपारी आणि एक खण काढला.

"हा खण कुठला हो?" सौदामिनीने विचारलं.

"लेकीला सासरी धाडलं तवा तिच्या ओटीसाठी आणलेला. ठिवला व्हता," नागाबाई म्हणाली. तिने दगडावर तांदूळ टाकले, खण पसरला, आणि काहीतरी गमतीचं बोलायला तोंड उघडलं, ते तसंच राहिलं. ती रडायला लागली. मग गुणाबाई रडली. सौदामिनीने स्वतःला फार वेळ आवरलं, पण तिलाही ते जमलं नाही.

नेमके तेव्हाच मास्तर साहेबाला घेऊन परसात आले.

साहेब शेरवानीतला, गोंड्याच्या रुमी टोपीतला, उतारवयाचा, उन्हाने लाल झालेला. मास्तर वाटेत त्यांना काहीतरी सांगत होते, ते अर्ध्यावरच थांबलं. मास्तरांनी दगड पाहिला, खण पाहिला, बायका पाहिल्या. मग बायकोकडे पाहिलं. सौदामिनीने पदराने तोंड पुसलं आणि मान फिरवली. हिला दगड द्यायचा नाही, हे मास्तरांच्या लक्षात आलं, आणि आपल्याला हे इतक्या वर्षांत कळलं नाही, हेही लक्षात आलं. ते दोन पावलं मागे सरले.

"वाह," साहेब म्हणाले. चष्मा लावून ते वाकले. "ठसा घ्यावा तर सगळी अक्षरं हळदीनं भरलेली. मास्तरसाब, इसकी पूजा होती है?"

मास्तरांनी उपरण्याने कपाळ पुसलं.

"पूजेतली वस्तू आम्ही हलवत नाही. सरकारचा कायदा आहे." साहेबांनी कागद चाळले. "आपण तर अर्जात साफ लिहिलं आहे, पूजा होत नाही म्हणून. हर अर्जी में."

सौदामिनीला भीती वाटली. बायकांच्या थट्टेपायी नवरा साहेबापुढे खोटा पडत होता. ती पुढे होऊन म्हणाली, "साहेब, हे आम्ही गमतीत..."

"तेव्हा होत नव्हती," मास्तर म्हणाले. "आता होते."

"कबसे?"

मास्तरांना खोटं बोलता येत नसे. त्यांनी जरा विचार केला.

"आजपासून."

साहेबांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं, मग ओळीने चारी बायकांकडे. त्यांच्या मिशा हलल्या. "अहवालात मग फक्त एक ओळ येईल. कंधार, एक दगड, पूजेत आहे. आपलं नाव नाही येणार."

"राहू द्या," मास्तर म्हणाले.

साहेबांनी तसं लिहून घेतलं, ओसरीवर बसून चहा घेतला, सौदामिनीने दिलेल्या चकल्या बांधून घेतल्या आणि ते गेले. दगडोबाने डोळे चोळत दोरखंड गोळा केला आणि झोपेची मजुरी कोणी देत नाही म्हणून कुरकुरत बैल जुंपले.

बायकांचा जीव भांड्यात पडला. पण दगडाभोवती चौघी उभ्याच. पुढे कोणी होईना.

"आता बसावं कसं?" गुणाबाई म्हणाली. "साहेबाच्या वहीत देव झाला न्हाई का?"

"मळवट भरलाय वर. पाप लागंल," बसम्मा म्हणाली.

कुंकू पुसायला तर कोणाचाच हात धजेना. एवढं सगळं होऊन दगड राहिला, पण त्यावर बसणं गेलं, अशी गत झाली. सौदामिनीला हसावं की रडावं कळेना.

मास्तर ओसरीवरून हे ऐकत होते. ते उतरले, आडात पोहरा सोडला आणि भरून वर काढला. नागाबाईचा खण उचलून तिच्या हातात दिला आणि पोहरा दगडावर ओतला. मग दुसरा ओतला, तिसरा ओतला. हळदीकुंकवाचं पाणी केळीच्या आळ्यात वाहत गेलं.

"देवाला न्हाऊ घातलं," ते म्हणाले. "वाळलं की बसा. पाप लागलं तर मला लागू द्या."

वाळेपर्यंत धीर कोणाला होता? नागाबाई ओल्यावरच टेकली, मग बाकीच्या सरकून सरकून बसल्या. मास्तर घरात जायला वळले. पाठमोरे ते सौदामिनीला एकदम म्हातारे दिसले.

"अहो," तिने हाक मारली. "ह्याच्यावर लिहिलंय तरी काय?"

बावीस वर्षांत हे तिने एकदाही विचारलं नव्हतं. मास्तरांना आधी वाटलं, चेष्टा करते आहे. पण ती पाय आखडून, अक्षरं मोकळी करून त्यांच्याकडे बघत होती. बाकीच्यांनीही पाय वर घेतले.

मास्तर बायकांपुढे जमिनीवर उकिडवे बसले. ओल्या अक्षरांवर बोट ठेवून हळूहळू सांगू लागले. सूर्यग्रहणाच्या दिवशी इथल्या कोणा अधिकाऱ्याने तळ्याकाठच्या देवळात अखंड दिवा लावला. तो कायम जळावा म्हणून गावातल्या दर घाण्यामागे... इथं बोट थांबलं.

"पुढं?" गुणाबाई म्हणाली.

"पुढं अडलंय. सोल्लगे असा शब्द आहे. नाणं आहे, जमीन आहे की माणसाचं नाव, काही लागत नाही. तेवढ्यासाठी तर पहिला अर्ज केला होता. म्हटलं, हैदराबादचे पंडित सांगतील."

"सोलगी?" बसम्मा म्हणाली.

मास्तरांनी मान वर केली.

"तेलाचं माप हाय की ते. एवढुस्सं." तिने मूठ करून दाखवली. "बिदरला माझ्या मायच्या घाण्यावर सोलगीनंच तेल देत्यात. दिव्याला रोज एक सोलगी, असं आसंल बघा."

मास्तरांनी त्या शब्दावर पुन्हा एकदा बोट फिरवलं. मग घाईघाईने खिसे चाचपू लागले. पेन्सिल सापडेना. सौदामिनी उठून आणायला गेली.

"आनिक काय अडलंय तुमचं, इचारा," बसम्मा म्हणाली, आणि मांडी घालून नीट बसली.