एकशे सेहेचाळीस पायऱ्या

माणूस कसा आहे हे त्याच्या बुटाच्या तळावरून कळतं, असं बूटवाल्या काकांचं ठाम मत होतं आणि ते ऐकल्याशिवाय त्यांच्या दुकानातून कुणाची सुटका नव्हती. तुम्ही बूट काढून दिलात की काका तो उलटा करणार, कपाळावरचा चष्मा नाकावर आणणार आणि तुमची कुंडली मांडणार. टाच बाहेरच्या कडेने झिजली आहे, म्हणजे गडी सदा घाईत. एकाच पायाचा चवडा गेलाय, म्हणजे दिवसभर उभं राहायचं काम, न्हावी नाहीतर शिक्षक. दहातल्या आठ वेळा बरोबर निघायचं. उरलेल्या दोन वेळा काका म्हणायचे, बूट दुसऱ्याचे घालून आलात तुम्ही.

हा उद्योग त्यांनी तीस वर्षं मोठ्या शहरातल्या एका गाळ्यात केला. मग खोकला लागला. बाहेर गाड्यांचा धूर, आत सोल चिकटवायच्या सोल्युशनचा वास, आणि मधे काका. चार वर्षं औषधं झाली, काढे झाले, शेवटी डॉक्टरांनी हात टेकले आणि हवा बदला म्हणून सांगितलं. डोंगरातल्या एका लहान शहरात एक म्हातारा कारागीर बूटदुरुस्तीचं दुकान बंद करून मुलाकडे निघाला होता. काकांनी ते दुकान घेतलं. मात्र बोली एक वर्षाची. तिकडच्या गाळ्याचा मालक भला माणूस, वर्षभर दुसऱ्या कुणाला देत नाही म्हणाला. आणि काकूंना काकांनी शब्द दिला होता की वर्षानंतर राहायचं की परतायचं हे तू सांगायचंस. तू म्हणशील ती पूर्व दिशा.

आता शहर कसं होतं म्हणाल, तर उभं होतं. सपाट असा रस्ता एकच, बाजाराचा, आणि तोही दोन्ही टोकांना वाकलेला. दातांचा डॉक्टर एक, सिनेमागृह एक, तेही आठवड्यातून तीन दिवस. मोठं इस्पितळ दोन तासांवर. लेक दर रविवारी फोन करून हेच सगळं विचारायची, वीज जाते का, औषधं मिळतात का, आईला बोलायला कुणी आहे का. काका प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर द्यायचे. अगं, मी रात्रभर झोपतो.

घर काकांनीच पसंत केलं होतं, अगदी वरचं. बाजाररस्त्यापासून एकशे सेहेचाळीस पायऱ्या, दगडी, पावसाने गुळगुळीत झालेल्या. पण खिडकी उघडली की अख्खी दरी पायाशी. पहिल्या सकाळी काकांनी त्या खिडकीत छाती भरून श्वास घेतला आणि तो न खोकता बाहेर सोडला. त्यांच्यापुरता तिथेच निकाल लागला होता.

दुकानात मात्र पहिल्या महिन्यात त्यांची चांगलीच जिरली. सपाटीवर बूट टाचेकडून झिजतो. इथे लोक चढताना चवड्यावर चढत आणि उतरताना टाचेच्या मागच्या कडेवर सगळं अंग टाकत. काकांनी नेटकी गुळगुळीत सोलं लावून दिली आणि पंधरा दिवसांत ती तोंड वासून परत आली. पोस्टमन तर तिसऱ्यांदा आला तेव्हा बूट काउंटरवर ठेवून नुसता बघत राहिला. मग काका शिकले. खोल खाचांचं जाड रबर, पुढे जादा थर, आणि तो चिकटवून भागवायचं नाही, शिवायचा. हळूहळू गाडी रुळावर आली. दहा महिन्यांत निम्मं शहर काकांच्या खाचांवर चालायला लागलं, आणि पावसात आता कुणी घसरत नाही म्हणून काकांची कॉलर ताठ झाली.

संध्याकाळी घरी आले की ते काकूंना विचारायचे, आज कुठे गेली होतीस? काकू रंगवून सांगायच्या. टाकीजवळच्या बागेत गेले होते, पिवळी फुलं आलीत, तिथल्या बाकावर दोन बायका विणत बसतात, त्यातली जाडी फार बोलते. काका दुसऱ्या दिवशी हे सगळं गिऱ्हाइकांना ऐकवायचे, आमच्या हिला तर इथे फारच आवडलं म्हणून. एकदा पोस्टमन म्हणाला, काका, ती बाग चार महिने बंद आहे, टाकीचं काम चाललंय. काकांनी त्यालाच वेड्यात काढलं. म्हणाले, दुसरी असेल. सुट्टीच्या दिवशी काकू म्हणायच्या, आठवडाभर चालून पाय दुखतात हो, आज बसू या खिडकीत. काकांना तेच हवं असायचं.

अकरा महिने झाले आणि मालकाचं पत्र आलं. महिनाअखेरपर्यंत कळवा. दहा दिवस उरले होते. काकांनी पत्र वाचून दाखवलं आणि शब्द दिल्याप्रमाणे विचारलं. काकू भांडं पुसत होत्या. पुसता पुसताच म्हणाल्या, राहू या की. काकांना इतका आनंद झाला की भांडं पुसून होऊन दोन मिनिटं झाली तरी त्या ते पुसतच आहेत, हे काही त्यांच्या नजरेत आलं नाही.

सकाळी निघताना त्यांनी दाराआडचे काकूंचे तपकिरी बूट गुपचूप पिशवीत घातले. इकडे येण्याआधी त्यांनी स्वतःच शिवले होते ते, मऊ चामड्याचे, पातळ सुबक सोलाचे. बाई रोज हिंडते, बूट आता रडकुंडीला आले असतील, नवीन सोल लावून द्यावं. दुपारी तिला बाहेर पडायला लागतील म्हणून त्यांनी दुकान उघडल्या उघडल्या तेच काम हातात घेतलं, चामडं कापायची रापी काढली, बूट उलटा केला.

तळ जवळपास कोरा होता. त्यावर त्यांनीच पेन्सिलीने घातलेला मापाचा आकडा अजून वाचता येत होता. चवडा तसाच, टाच तशीच. फक्त उजव्या टाचेवर मागून पुढे एकच लांब ओरखडा होता. असले ओरखडे काकांनी या शहरात शंभर पाहिले होते. ओल्या दगडावरून पाय सुटला की असा उमटतो. दुसऱ्याचा बूट असता तर त्यांनी एका दमात सांगितलं असतं की ही बाई एकदा पडली आणि मग घराबाहेर पडलीच नाही.

त्यांनी दुकानाला कुलूप लावलं आणि तसेच एकशे सेहेचाळीस पायऱ्या चढले. काकू खिडकीत बसल्या होत्या. काकांनी बूट त्यांच्यासमोर मेजावर उलटे ठेवले. काकूंनी बुटांकडे पाहिलं, मग दरीकडे.

"दुसऱ्याच आठवड्यात घसरले," त्या म्हणाल्या. "चाळिसाव्या पायरीवर. अर्धा तास बसून होते, उठायची हिंमत होईना. शेजारणीने हात धरून वर आणलं. तेव्हापासून भाजी तीच आणते. बागेतलं सगळं तिच्याकडूनच ऐकलेलं, कधी मनाने रचलेलं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुमचा खोकला त्याच आठवड्यात थांबला होता."

काका खुर्चीत बसले. मग म्हणाले, परत जाऊ. आजच मालकाला कळवतो. त्यावर काकू अशा उखडल्या की काका चपापले. तुम्ही परत जाऊ म्हणावं यासाठी का मी अकरा महिने या खोलीत काढले, असं त्यांनी विचारलं. तिथे चार वर्षं तुमच्या पाठीवरून हात फिरवत रात्री काढल्यात, त्या परत नकोत मला. आणि हे सांगताना त्यांचा आवाज फुटला. अकरा महिन्यांत पहिल्यांदा.

"सगळ्या शहराचे तळवे बघता," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "माझ्या तोंडाकडे एकदा नीट बघितलं असतंत, तर अकरा महिने लागले नसते."

काकांना लाज वाटली. पोस्टमनच्या बुटांना चार वेळा सोलं लावली, शाळेतल्या पोरांना लावली, आणि घरातल्या माणसाला गुळगुळीत चामड्यावर या दगडांवर सोडून दिलं. ते उठले, बूट घेतले आणि दुकानात परत गेले. त्या दिवशी त्यांनी एकही गिऱ्हाईक घेतलं नाही. मऊ चामडं तसंच ठेवलं, खाली पोस्टमनला लावतात ते रबर लावलं, खाचा आणखी खोल केल्या, पुढचा थर दुहेरी शिवला. बूट दिसायला बेंगरूळ झाले. काकूंनी ते पाहून नाक मुरडलं आणि पायात घातले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं बारा पायऱ्या उतरली आणि बारा चढली. काकूंनी कठडा असा धरला होता की बोटं पांढरी पडली. तिसऱ्या दिवशी तीस. चाळिसाव्या पायरीपाशी त्या थांबल्या, काकांनी हात पुढे केला तो त्यांनी घेतला नाही, पण खालीही गेल्या नाहीत. चार दिवस तिथूनच परतल्या. काका मनात दिवस मोजत होते. मालकाला लिहायच्या उत्तराचा कागद दुकानाच्या खणात कोरा पडून होता.

शेवटच्या दिवशी दुपारी ते एका टाचेत खिळे ठोकत होते. दारात सावली पडली. मान वर न करता त्यांनी बसा म्हटलं. गिऱ्हाइकाच्या स्टुलावर कुणीतरी बसलं, धापा टाकत बूट काढले आणि त्यांच्यापुढे उलटे ठेवले. खोल खाचा, दुहेरी थर, खाचांत अडकलेले बारीक खडे.

काकांचा हात सवयीने चष्म्याकडे गेला आणि तिथेच थांबला. त्यांनी मान वर केली आणि काकूंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चेहरा लाल झाला होता, घामाने केस कपाळाला चिकटले होते. भीती अजून होती. ती जाणार नव्हती, हेही काकांना दिसलं. इतकी वर्षं शेजारी असलेला चेहरा आपण शेवटचा कधी असा बघितला, ते त्यांना आठवेना.

"एकटीच आले," काकू म्हणाल्या. "लिहा मालकाला, गाळा सोडला म्हणून. पण घर खाली बघायचं, या रस्त्यावर. त्या पायऱ्या मी रोज नाही चढणार. खोटं नाही सांगत आता."

काकांच्या डोळ्यांसमोर खिडकी आली, पहिली सकाळ आली. "दरी नाही दिसणार खालून," ते हळूच म्हणाले.

"नाही दिसणार. हवा तर हीच आहे ना?"

काकांनी श्वास घेऊन पाहिला. हीच होती. त्यांनी खणातून कागद काढला, मग तो तसाच बाजूला ठेवून खाली वाकले, आणि तळाकडे न बघता बूट सरळ करून काकूंच्या पायांशी ठेवले.