वार बघायचा राहिला

"अरे बाबा, लिंक्स म्हणजे वेबसाइटच्या लिंक नव्हेत!" शैलेंद्र सर हसायला लागले आणि हसता हसता पोट धरून खुर्चीत वाकले.

बेसिल घाबरून उठला. सरांनी हातानेच त्याला बसवलं. त्या पोटात काय वाढतंय हे गल्फमधल्या हमरिया फ्री झोनच्या त्या पाइपच्या कंपनीत आता सगळ्यांना माहीत होतं. जनरल मॅनेजर असलेल्या सरांच्या केबिनबाहेर लोक उगाच हळू चालायला लागले होते.

"लिंक्स म्हणजे समुद्रकाठची जमीन," सर म्हणाले. "खाली वाळू, वर गवत. शेतीला नालायक. म्हणून लोक तिथे गोल्फ खेळायला लागले. आपलंच मैदान समज, फक्त हिरवं."

आपलं मैदान म्हणजे उम्म अल कुवैनच्या वाटेवरची नुसती वाळू. चेंडू मारायचा तर त्याखाली प्लॅस्टिकच्या गवताच्या चटईचा तुकडा ठेवायचा आणि पुढे चालायचं. दर शुक्रवारी चर्चमधली सकाळची मिसा आटोपून बेसिल तो तुकडा काखेत मारून सरांच्या मागे हिंडायचा. हे काही ऑफिसच्या ॲडमिनचं काम नव्हे, आणि खेळातलं त्याला ओ की ठो कळत नसे. पण वसईहून नवीन आलेल्या बेसिलला याच माणसाने पहिल्या दिवशी आपल्या डब्यातलं जेवायला घातलं होतं. असल्या गोष्टी माणूस विसरत नाही.

"डॉक्टर काय म्हणाले, सर?"

"जायचं तर आत्ताच जा म्हणाले. दोन केमोंच्या मधे. सोमवारी परत, मंगळवारी पुन्हा सलाइन. बाकीची मैदानं राहिली तरी चालतील, पण स्कॉटलंडचं सेंट अँड्र्यूज मला हवंय. सगळ्यात जुनं. तिथे एकदा चेंडू मारला की खलास, माझी काही तक्रार नाही. तारखा तू बघ. मी फक्त विमानात बसणार."

बेसिल जिवाचं रान करून कामाला लागला. विमानतळावर व्हीलचेअर, सरांच्या पत्नी अनुपमा मॅडमसाठी शाकाहारी जेवण, किनाऱ्यावरची दोन छोटी मैदानं शुक्रवार-शनिवारी. सेंट अँड्र्यूजचं बुकिंग कधीच भरलं होतं, पण एकटा खेळाडू असेल तर आयत्या वेळी जागा मिळू शकते, असं त्याने वाचलं. मग डोकं चालवून त्याने तो दिवस मुद्दाम शेवटचा ठेवला. गोडाचं आपण शेवटीच वाढतो.

त्या रविवारी दुपारी तो रोल्लाच्या आपल्या फ्लॅटमध्ये जेवत होता. बायकोने, इसाबेलने, त्याच्या ताटात माशाचं कालवण वाढलं.

"सर आज खेळणार ना? संताच्या नावाचं गाव. मी मिसेत मेणबत्ती लावली त्यांच्यासाठी."

"खेळणार म्हणजे! मी मुद्दाम आजचा दिवस ठेवला. गर्दी कमी. लोक कामावर असतात ना."

इसाबेल त्याच्याकडे बघत राहिली. "कुठे कामावर? स्कॉटलंडात? रविवारी?"

बेसिलचा घास हातातच राहिला. गल्फमध्ये आल्यापासून त्याचा रविवार शुक्रवारीच यायचा. सरकारने सुट्टी शुक्रवारवरून रविवारवर नेली त्याला काही वर्षं झाली होती, पण डोक्यातलं कॅलेंडर तेच होतं. रविवार म्हणजे आठवड्याचा पहिला कामाचा दिवस. वसईच्या ख्रिस्ती घरात वाढलेला माणूस हे विसरला होता.

तो हात धुवायला उठला तेवढ्यात फोन वाजला.

"बेसिल, इथे सगळीकडे कुत्री फिरतायत." सरांचा आवाज वाऱ्यात विरत होता. "पोरं पळतायत, बायका बाबागाड्या ढकलतायत. रविवारी मैदान बंद. शेकडो वर्षांचा रिवाज आहे म्हणे."

"सर, मी... सर, तिकीट पुढे ढकलतो, आत्ता लगेच..."

"मंगळवार कसा ढकलशील?" सर म्हणाले. "अरे, मलापण माहीत होतं हे. मी तारीख बघितली, वार नाही बघितला. आपला रविवार शुक्रवारी असतो ना रे."

ते हसले. बेसिलला ते हसू सहन झालं नाही. त्याने फोन इसाबेलच्या हातात दिला आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडला.

महिनाभराने सर गेले.

बेसिल भेटायला गेला तेव्हा अनुपमा मॅडम सोफ्यावर ताठ बसल्या होत्या. त्यांनी पाणी विचारलं, इसाबेलची चौकशी केली. मग म्हणाल्या, "ते तुम्हाला एक शब्द बोलले नाहीत. मलाही बोलू दिलं नाही. पण मी बोलणार आहे. एकच दिवस मागितला होता हो त्यांनी."

"हो, मॅडम."

"दुसरं काही मागितलं नव्हतं."

"नाही, मॅडम."

त्या आत गेल्या आणि एक पिशवी घेऊन आल्या. "हे तुमच्याकडे असू दे, म्हणाले होते. बॅगेत घालून नेलं होतं तिकडे. जुन्या सवयीने."

लिफ्टमध्ये बेसिलने पिशवी उघडली. चटईचा तुकडा होता. त्याने तो उजेडाकडे धरून नीट बघितला, मग प्लॅस्टिकच्या पात्यांमधून बोट फिरवलं. तिकडच्या गवताची एखादी काडी अडकली असेल, असं त्याला वाटत होतं.

बोटाला नुसती वाळू लागली. उम्म अल कुवैनचीच.