तहानलेल्या आरोपीची जबानी

शम्साच्या बोरीच्या झाडावर पाणीचोरीचा आळ आला, तेव्हा आधी तिला हसूच फुटलं. मग आळ कुणी घेतलाय ते कळलं आणि हसू जागच्या जागी विरलं. आळ घेणारा तिचा धाकटा दीर मुहन्ना होता, आणि मुहन्ना एकदा हट्टाला पेटला की त्याच्यापुढे गाढवही समजूतदार वाटायचं.

डोंगरातून गावात येणाऱ्या पाटाचं पाणी घरोघर पाळीनं वाटलेलं. मुहन्नाची पाळी आली की त्याच्या खजुरांपर्यंत करंगळीएवढी धार पोचायची. पाटाच्या वरच्या अंगाला, अगदी काठाला खेटून, एकच झाड उभं होतं, ते शम्साचं.

"वहिनी, तुमचं झाड माझं पाणी पितंय."

"भावजी, मी पाटाचं दार उघडलं असेल तर हात झडतील माझे!"

"तुमच्या हातांना कोण नावं ठेवतंय? मी झाडाबद्दल बोलतोय."

गावाचा कायदा जुना आणि आडमुठा. पाटात वाटा नसलेलं झाड पाटाचं पाणी पिताना सापडलं, तर ते बुंध्यापासून तोडायचं. शम्साची मधमाश्यांची पोळी, खजुराच्या पोकळ ओंडक्यांतली, सगळी त्या बोरीखाली. बोर फुलली की मध, आणि त्या मधावर तिचं वर्षभराचं मीठ-मिरची. शिवाय नवरा गेल्यापासून रोज बोलायला तिला या झाडाशिवाय दुसरं कुणी उरलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर तिच्याच मनात पाल चुकचुकत होती. पाट साफ करताना दगडांच्या फटीतून आलेल्या तांबूस मुळ्या तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या, आणि बोटानं हळूच आत सारल्या होत्या.

पाळ्या ठरवणारा म्हातारा खसीब. गाव त्याला अरीफ म्हणे. त्यानं दोघांचं ऐकून घेतलं, दाढी कुरवाळली आणि निवाडा केला की मालकिणीचे हात स्वच्छ आहेत, तेव्हा आरोपी झाडच. आरोपीला बैठकीत चालत येता येत नाही, म्हणून बैठकच बोरीखाली भरवायची. झाडाची जबानी घ्यायला मस्कतहून डॉक्टर गालिया येणार होती. ती माणसांची डॉक्टर नव्हती, झाडं कुठलं पाणी पितात ते शोधायची. तिनं फोनवर बजावलं होतं, "मी येईपर्यंत झाडाला पाटाचं किंवा विहिरीचं पाणी थेंबभरसुद्धा घालू नका."

गावानं ते तंतोतंत पाळलं. तिथंच घोळ झाला.

डॉक्टर गालिया आली. झाडाखाली झाडलोट केलेली, वर कोरडी वाळू पसरलेली. तिनं फांदीचे तुकडे कापून काचेच्या नळ्यांत बंद केले, पाटाचं आणि विहिरीचं पाणी बाटल्यांत भरलं.

"यातून काय कळणार, पोरी?" अरीफनं विचारलं.

"पाण्यात थोडे कण जड असतात, थोडे हलके, बाबा. उंच डोंगरावर पडलेलं पाणी हलकं असतं. उन्हानं आटून मागं उरलेलं जड. समुद्राचंही जड. मुळं पाणी ओढतात तेव्हा त्यात काही फरक करत नाहीत. म्हणून फांदीतलं पाणी मोजलं की ते कुठून आलं ते समजतं."

"म्हणजे झाडाला खोटं बोलता येत नाही?"

"नाही."

"वा! मग हे माणसांवर का नाही करत?" मुहन्ना म्हणाला. शम्सा मात्र पाटाच्या दगडांना पाठ लावून उभी राहिली.

काही आठवड्यांनी डॉक्टर निकाल घेऊन परतली. बोरीखाली चटया अंथरल्या. कॉफी फिरली. रीतीप्रमाणे एक कप बुंध्याशीही ठेवला. डॉक्टरचा चेहरा मात्र परीक्षेत पेपरच चुकीचा आल्यासारखा होता.

"हे झाड पाटाचं पाणी पीत नाही," ती म्हणाली. शम्सानं इतका मोठा सुस्कारा सोडला की शेजारची बाई दचकली. "विहिरीचंही पीत नाही. हे झाड समुद्राचं पाणी पितंय."

समुद्र तिथून दोन डोंगर आणि एक अख्खं वाळवंट ओलांडून होता.

"बघा!" मुहन्ना उठून उभा राहिला. "म्हणजे सराईत चोर आहे. इतक्या लांब हात मारलाय!"

"हात नाही, मुळं," अरीफनं दुरुस्ती केली.

"मी तीनदा मोजलं," डॉक्टर रडकुंडीला आली होती. "बाबा, खरं सांगा. कुणी याला पाणी घातलं का?"

"घातलं नाही," अरीफ ताठ होऊन म्हणाला. "पाजलं."

"काय?"

"पोरी, आरोपीला तहानलेलं ठेवून जबानी घेतात का कुठं? आपण माणसं आहोत की कोण? पण पाजायचं कुणाचं? गावात प्रत्येकाचा पाटात वाटा. कुणाचंही पाजलं तर पक्षपात. विहिरीला तू नको म्हणालीस. म्हणून किनाऱ्यावरून टँकर मागवला. तिथं कारखान्यात समुद्राचं पाणी गोडं करतात ना, ते. कुणाच्या अध्यात ना मध्यात."

"पण किती?"

अरीफ प्रथमच जरा ओशाळला. "पाहुण्यानं कप हलवून बस म्हणेपर्यंत ओतत राहायचं, ही आपली रीत. हे हलेचना. त्या दिवशी वाराच नव्हता. टँकर संपला. दुसऱ्या दिवशी परत मागवला."

"रोज?"

"तू येईपर्यंत, आणि निकाल लागला नव्हता म्हणून त्यानंतरही. तू येणार म्हणून वर कोरडी वाळू पसरली. चिखलात पाहुणीला कसं बसवायचं?"

डॉक्टरनं डोकं धरलं. मग ते सोडून शांतपणे सांगितलं की मीठ काढलं तरी समुद्राचं पाणी जडच राहतं, ते आतून निघून जायला हवं. महिनाभर झाडाला बाहेरून एक थेंबही पाजायचा नाही. मग फांदी कापली की खरं काय ते कळेल.

शम्साचा जीव परत टांगणीला लागला. महिनाभर पाजलं नाही की झाड आपल्या जुन्या वाटेनं पाटाकडं वळणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं. ती तोंड उघडणार एवढ्यात भलताच माणूस ओरडला.

"महिनाभर उपाशी?" मुहन्ना लालबुंद झाला होता. "फिर्याद माझी आहे! लोक काय म्हणतील? मुहन्नानं आरोपीला तहानेनं तडफडवून कबुली घेतली? माझ्या बापानं दुश्मनाच्या उंटालाही पाणी नाकारलं नव्हतं!"

"पण दादा, तुमच्याच फायद्याचं आहे," डॉक्टर म्हणाली.

"फायदा गेला खड्ड्यात! फिर्याद माझी, तर पाहुणचारही माझा. यापुढं टँकर माझ्याकडून."

अरीफनं मान डोलावली. रीतीत बसत होतं. डॉक्टरनं वाद घालून पाहिला, मग नळ्या पेटीत भरल्या आणि जाताना शम्साच्या कानाशी म्हणाली, "मावशी, असं पाजत राहिले तर मला कधीच काही कळणार नाही."

"नकोच कळू दे, बाळा," शम्सा म्हणाली.

तेव्हापासून दर गुरुवारी टँकर येऊ लागला. मुहन्ना स्वतः नळी धरून उभा राहायचा आणि झाडाला दमात घ्यायचा, "पी, पण खरं बोल हां!" बोर त्या साली अशी फुलली की माश्यांना घरी जायची शुद्ध राहीना. मुहन्नाच्या पाळीची धारही जाडजूड झाली होती. इतकं पाणी बुंध्याशी मिळत असताना पाटापर्यंत जायची तसदी कोण घेणार? मुहन्नानं मात्र त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

एका गुरुवारी शम्सा मधाची वाटी घेऊन बाहेर आली. बरेच दिवस गिळून ठेवलेला प्रश्न तिनं शेवटी विचारलाच.

"भावजी, उद्या झाड दोषी ठरलं, तर तोडाल?"

"वेड लागलंय का, वहिनी? माझ्या हातचं पाणी प्यायलंय ते. पाहुण्यावर कुऱ्हाड चालवू?"

"मग फिर्याद मागं घ्या ना एकदाची."

मुहन्नानं नळी दुसऱ्या बाजूच्या मुळांकडं वळवली.

"आणि मागं घेतल्यावर," तो चिडून म्हणाला, "याला पाणी कुणी पाजायचं?"