पाट्यावरची अक्षरं

तेरच्या टेकाडावर दिवसभर हिंडून राजनंदिनी अयोध्याआजीच्या ओसरीवर टेकली. धाराशिवच्या कॉलेजात ती इतिहास शिकवायची. पाणी पिऊन तिनं एक जुना फोटो पुढं केला.

"आजी, असा दगड कुठं पाहिलाय? निजामाच्या काळात टेकाडावर होता. फार पूर्वी इथं ख्रिस्ती व्यापारी राहायचे, त्यांच्या बिशपची गादी होती, असं एका जुन्या कागदात आहे. सगळे थाप म्हणतात. पुरावा काय तो हा दगड. फोटोत क्रूस दिसतो, पण अक्षरं पुसट आलीत."

"बिशप म्हंजी?"

"त्यांचे महाराज म्हणा."

आजीनं फोटो डोळ्यांजवळ नेला. दगडाचा तो तुटका कोपरा तिनं झोपेतही ओळखला असता.

लग्नाच्या वर्षी माळवदावर टाकायला पांढरी माती आणायला ती सासूबरोबर टेकाडावर गेली होती. खोरं दगडाला लागलं. सासू म्हणाली, "पांढरीतलं, जुन्या वस्तीतलं, घरी नेऊ न्हाय. हळदकुंकू वाहा अन् झाक." पण घरात पाटा नव्हता. शेजारणीकडं वाटण वाटायला गेलं की टोमणे खावे लागत. दुसऱ्या दिवशी ती एकटीच गेली आणि दगड डोक्यावर घेऊन आली. कोरलेली बाजू वर ठेवली. खरबरीत दगडावर वाटण बारीक निघतं.

"पाहिलाय का कुठं, आजी?"

सांगितलं नसतं तर कुणाला कळणार होतं? पोर निघून गेली असती. थाप ती थापच राहिली असती.

"चल आत," म्हणत आजी उठली.

राजनंदिनीनं गुडघे टेकून पाट्यावरून हात फिरवला. सगळीकडं छिन्नी-टाकीचे टवके. कडेला क्रूसाची एक रेघ तेवढी उरलेली, तिच्यात जुनी हळद.

"आणि अक्षरं?"

"दर साली वडारीण यायची. म्हणायची, पाटा गुळगुळीत झालाय वो काकू. म्याच सांगितलं, दे टाकी." आजीनं पदरानं पाट्याची कड पुसली. "बोल की गं मला काहीतरी."

राजनंदिनी टवक्यांवरून बोट फिरवत राहिली.

आजीनं परातीत पीठ पसरलं आणि डोळे मिटले. टाकी लागायच्या आधी वर्षभर तिच्या बोटांनी त्या खाचांतलं वाटण निपटलं होतं. त्याच खाचा ती आता पिठात काढू लागली. आकड्यासारखं वाकडं एक अक्षर उमटलं. मग आडवी रेघ. राजनंदिनीनं फोटो जवळ धरला.

"जुळतंय, आजी!"

तिसऱ्याला बोट अडलं.

"थांब, पुसती. पयल्यापासनं धरलं की येतंय..."

राजनंदिनीनं तिचं मनगट घट्ट पकडलं.

"पुसू नका."