रुमालाची नाडी

“रोज सकाळी माझा हात धरून विचारत जा, कसं वाटतंय म्हणून. आणि माझ्यामागे ह्यांना. विसरायचं नाही हं,” वरच्या मजल्यावरच्या माझ्या थोरल्या जाऊबाई म्हणायच्या. त्यांच्या पहिल्या दुखण्यापासून मी नेम धरला होता : आधी प्रार्थना, मग त्यांचा हात.

मग इमारतीच्या सभागृहात ठोके आणि झोप मोजणारी घड्याळं घेऊन घड्याळगुरू अवतरले. ही गर्दी! सगळ्यांचे हात वर, मनगटामनगटावर हिरवा दिवा.

“शरीर थापा मारतं, घड्याळ नाही! आजोबा, झोप कशी लागली?”

“थांबा, बघून सांगतो.” आजोबांनी मनगट डोळ्यांशी नेलं. “उत्तम! मी जागा होतो असं मला उगाचच वाटत होतं.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. जाऊबाईंच्या मुलानं, माझ्या पुतण्यानं, त्याच दिवशी आईच्या मनगटावर घड्याळ चढवलं. “काकू, आता तुला सुट्टी. सगळं फोनवर दिसतं.”

खोटं कशाला बोलू? मला बरंच वाटलं. गुडघे दुखत होते, जिना चढणं चुकलं.

मंगळवारी जाऊबाई मुलाला म्हणाल्या, “छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतंय रे.”

“आई, ठोके बहात्तर आहेत. पड जरा.”

त्या पडल्या, त्या उठल्याच नाहीत.

डॉक्टरीणबाईंनी तपासून मान हलवली, तर पुतण्या फोन पुढे करून ओरडला, “गेली कशी? हे बघा, बहात्तर!”

शेजाऱ्यांबरोबर धावत आलेल्या घड्याळगुरूंनी लगेच हात उंचावले. “प्राण आहे! घड्याळ सांगतंय!” दारातल्या चौघांनी हात जोडले.

डॉक्टरीणबाईंनी ते घड्याळ सोडवलं, उशाजवळचा रुमाल गुंडाळला आणि त्यावर बांधलं. हिरवा दिवा लुकलुकला. बहात्तर. प्रकृती उत्तम.

“हे उजेड टाकतं आणि परत आलेला उजेड वाचतं,” त्या म्हणाल्या. “वाचता आला नाही, तर ‘माहीत नाही’ म्हणायला ह्याला कुणी शिकवलेलं नाही. ठरलेला आकडा दाखवतं.”

“रुमाल सुती आहे ना, म्हणून...” घड्याळगुरू पुटपुटले. कुणी हसलं नाही.

पुतण्या रुमालाकडे बघत राहिला. “काकू, ती मला सांगत होती गं.”

माझी देवावर श्रद्धा आहे, ती राहील. पण दुखतंय म्हणायला त्यानं तोंड दिलं आणि ते ऐकायला कान. यंत्रं खुशाल वापरा. आधी रुमालावर बांधून पाहा. आणि माणूस काही सांगत असेल, तर आकडा बाजूला ठेवून त्याचं ऐका.

आज प्रार्थना आटोपली. गुडघ्यांना तेल चोळलं. वर थोरले दीर एकटे बसले असतील. कठडा धरला आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला.